सेफवर (Ceph) व्हीएम लई हळू चालायलेत, कॅशे ‘अनसेफ’ ठेवू का? (चेअरमन खूश, मी घाबरलोय)

दिवसबंद
नमस्कार मंडळी. निपाणी भागातल्या एका सौहार्द सोसायटीत (कर्नाटकातली सहकारी पतसंस्था) सिस्टम बघतो, म्हणजे प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी मलाच फोन आणि सर्व्हर बसला तरी मलाच.

आधी एकच जुना सर्व्हर होता, रेड कार्डवाला (RAID, अनेक डिस्क एकत्र चालवणारं कार्ड). तो कधीतरी मान टाकणार ह्या भीतीनं गेल्या वर्षी तीन नवे बॉक्स घेतले, प्रॉक्समॉक्स (एका सर्व्हरवर अनेक आभासी सर्व्हर, म्हणजे व्हीएम, चालवायचं सॉफ्टवेअर) टाकलं, खाली सेफ (सगळ्या बॉक्सांच्या डिस्क जोडून एकच साठा करणारं), प्रत्येक डेटाच्या तीन कॉपी. प्रत्येक बॉक्सात दोन एसएसडी, साध्याच, दुकानात मिळतात त्या. नेटवर्क 1 गिगाबिट. एक बॉक्स बंद करून बघितला तर व्हीएम दुसऱ्यावर उठतंय, म्हणजे ज्यासाठी केलं ते झालं.

पण संध्याकाळी दिवस बंद करायला (सगळ्या खात्यांचा दिवसाचा हिशोब मिटवायला) जुन्या सर्व्हरवर दोन मिनिटं लागायची ती आता बारा मिनिटं लागायलीत. कॅशियर बाई बॅग काखेला मारून माझ्या टेबलापाशी उभ्या राहतात, त्यांची शेवटची गाडी चुकते. नवीन तीन सर्व्हर घेऊन काम सहापट हळू झालं हे चेअरमनना कसं सांगायचं सांगा की.

प्रॉक्समॉक्समध्ये डिस्कचा कॅशे (डेटा मध्येच तात्पुरता धरायची जागा) ‘नो कॅशे’ होता तो ‘राइट बॅक’ केला. फाइल कॉपी वगैरे पळायला लागली पण दिवस बंदला काही फरक नाही, तेच बारा. मग काल रात्री वैतागून ‘राइट बॅक (अनसेफ)’ केलं आणि 40 सेकंदात झालं! चेअरमन म्हणाले आता हात लावू नकोस. पण नावातच अनसेफ आहे म्हणून झोप लागंना. असंच ठेवू का?

कुंदा_कॅशे
सेफवर अनसेफ? नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा.

फाउंड्री_उद्यमबाग
भावा एवढं घाबरू नको. आमच्याकडे फाउंड्रीचं ईआरपी राइट बॅकवर कितीतरी वर्षं चाललंय, काय होत नाही. यूपीएस चांगला ठेव, बॅटरी बदलत जा, बास. उगाच लोक पुस्तकात वाचून घाबरवतात.

अक्का_सर्व्हररूम
उद्यमबागवाले, तुम्ही राइट बॅकवर आहात. तो अनसेफवर आहे. ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या एकच समजल्यामुळंच लोकांचा डेटा जातो.

दिवसबंद, आज रात्री आधी ते काढ. मग बोलू.

टिळकवाडी_टर्मिनल
अक्कांना अनुमोदन. आधी दोन आकडे दे रे. एक, दिवस बंद करताना डेटाबेसमध्ये किती नोंदी होतात आणि प्रत्येक नोंद वेगळी कमिट (कायमची पक्की) होते का सगळ्या मिळून एकदा. दुसरं, व्हीएमच्या आत एफआयओ (डिस्कचा वेग मोजायचं टूल) चालव: 4 केबी ब्लॉक, रँडम राइट, आयओडेप्थ 1 (एका वेळी एकच राइट), प्रत्येक राइटनंतर एफसिंक (डिस्कवर पक्कं करायला लावणं). कॅशे साध्या राइट बॅकवर ठेवून. डीडी कमांडनं शून्यं लिहून स्पीड काढू नको, त्यातनं काही कळत नाही.

खानापूरचा_पाऊस
धागा वाचायलोय. चहा घेऊन बसलो. बाहेर पाऊस, लाईट दोनदा गेली, विषय अगदी वेळेवर काढलाय.

दिवसबंद
अक्का, काढलं. परत राइट बॅक. चेअरमनना अजून माहीत नाही.

टर्मिनल सर, आकडे हे घ्या. एफआयओ सेकंदाला 60 राइट दाखवतंय. साठ! साठ हजार नाही, नुसते साठ. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं म्हणून तीनदा चालवलं. सहा एसएसडी मिळून साठ कसे?

नोंदींचं सॉफ्टवेअरवाल्यांना विचारलं, आधी म्हणाले तुमचं हार्डवेअर खराब आहे, मग मायएसक्यूएलचा (डेटाबेसचा) लॉग बघितला तेव्हा दिसलं. साधारण 11,000 खाती, प्रत्येक खात्यामागं चार ठिकाणी नोंद, आणि प्रत्येक नोंद वेगळी कमिट.

टिळकवाडी_टर्मिनल
मग गणित झालं की. 11,000 गुणिले 4 म्हणजे 44,000 कमिट. भागिले 60. 733 सेकंद. बारा मिनिटं तेरा सेकंद.

दिवसबंद
अरे बापरे. डिट्टो. कॅशियर बाई किती वेळ उभ्या राहतात ते तुम्ही टिळकवाडीत बसून काढलंत.

टिळकवाडी_टर्मिनल
आता हे साठ का, ते सांगतो, जरा लांबेल.

डेटाबेस प्रत्येक कमिटला डिस्कला म्हणतो ‘हे कायमचं लिहिलंस का? लिहिल्याशिवाय हो म्हणू नको.’ ह्याला फ्लश म्हणा. सेफमध्ये तो राइट आधी प्रायमरी ओएसडीकडे (एक डिस्क सांभाळणारा सेफचा प्रोग्रॅम) जातो, ती दुसऱ्या दोघींना पाठवते, तिन्ही ठिकाणी डिस्कवर पक्कं झालं की मगच व्हीएमला ‘झालं’ असा निरोप येतो. म्हणजे तिघांतली जी सगळ्यात मंद, तिच्या वेगानं तू चालणार. आणि कमिट एकामागून एक येताहेत, पहिल्याचा निरोप आल्याशिवाय दुसरा सुटत नाही, त्यामुळं सहा एसएसडी असल्या काय आणि साठ असल्या काय, ह्या कामाला उपयोग शून्य. बाकी खिडक्या उघड्या असून फायदा नाही, माणूस एकच आहे आणि तो एका वेळी एकच पावती फाडतोय.

तुझा एक फेरा साधारण 16 मिलिसेकंदांचा पडतोय. आता ‘नेटवर्क 1 गिगाबिट आहे म्हणून’ असं कोणीतरी म्हणणारच, म्हणून आधीच सांगतो, 4 केबी पाठवायला 1 गिगाबिटवर 35 मायक्रोसेकंद पण लागत नाहीत. स्विच, कर्नल, सेफचा स्वतःचा सीपीयूवरचा वेळ सगळं धरलं तरी 16 मिलिसेकंद होत नाहीत. चोर दुसरीकडं आहे. ‘सेफ ओएसडी पर्फ’ कमांड चालव आणि कमिट लेटन्सीचा (एका कमिटला लागणाऱ्या वेळेचा) रकाना बघ.

दिवसबंद
9 ते 14 मिलिसेकंद. सहाच्या सहा.

टिळकवाडी_टर्मिनल
सापडला. तुझ्या एसएसडीत पॉवर लॉस प्रोटेक्शन नाही.

साध्या एसएसडीच्या जाहिरातीत जो वेग असतो तो तिच्या आतल्या कॅशेचा असतो. फ्लश आला की तिला तो कॅशे खरोखर फ्लॅशच्या चिपवर उतरवावा लागतो आणि तिथं तिचा दम निघतो. सर्व्हरच्या एसएसडीत कपॅसिटर असतात, लाईट गेली तरी आतल्या रॅममधलं चिपवर उतरवायला पुरेल एवढा करंट त्यात साठलेला असतो, म्हणून ती फ्लश आला की ‘झालं’ म्हणून मोकळी होते आणि खोटं पण बोलत नाही. तुझ्या जुन्या रेड कार्डावर बॅटरी होती का बघ. असणार. म्हणून तो म्हातारा दोन मिनिटांत करायचा.

दिवसबंद
होती की! दर दोन-तीन वर्षांनी बदलायला लागायची म्हणून मी शिव्या घालायचो तिला.

फाउंड्री_उद्यमबाग
हे सगळं ठीक पण मग राइट बॅक कॅशेचा उपयोग काय? आमच्याकडे फरक पडला होता, डोळ्यांनी बघितलाय.

अक्का_सर्व्हररूम
फरक पडतो, पण कुठं पडतो ते बघा. दिवसबंदच्याच धंद्यातलं सांगते. पिग्मी एजंट असतो ना, दिवसभर गल्लीतनं फिरून पैसे गोळा करतो आणि संध्याकाळी एकदम ब्रँचमध्ये भरतो. हा राइट बॅक. दुकानदाराला त्याच्या कार्डावर सही लगेच मिळते, एजंटाला शंभर वेळा ब्रँचला जावं लागत नाही. पण एखादा गिऱ्हाईक म्हणाला ‘मला आत्ताच्या आत्ता ब्रँचची पावती आणून दे’ तर एजंटाला सायकल काढावीच लागते. हा फ्लश. राइट बॅकमध्ये तो खरंच जाऊन येतो. म्हणून ज्या कामात फ्लश कमी, फाइल कॉपी, मोठे इम्पोर्ट, तिथं राइट बॅक पळतो, आणि ज्या कामात प्रत्येक रुपयाला पावती मागितली जाते तिथं काहीच फरक पडत नाही. दिवसबंदनं नेमकं हेच बघितलं.

अनसेफ म्हणजे तो एजंट कोपऱ्यावर जाऊन चहा पिऊन येतो आणि सांगतो ‘भरले की.’

काटा_पावती
अक्का मस्त. आम्ही साखर कारखान्यात आहोत, चिकोडी तालुका, आमच्याकडे ह्याला ट्रॉली काट्यावर न चढवता पावती फाडणं म्हणतात. हंगामात एकदा कुणी केलं तर शेतकरी गेटवरच धरतात.

कुंदा_कॅशे
माझा पिग्मी एजंट खरंच चहा पिऊन यायचा. तो अनसेफ होता हे आज कळलं.

खानापूरचा_पाऊस
आता माझी कथा सांगतो, चूक माझीच आहे त्यामुळं कुणाला नावं ठेवत नाही.

कौलाच्या कारखान्यात बिलिंगचं व्हीएम होतं, एकाच सर्व्हरवर, सेफबिफ नाही, लोकल डिस्कची फाइल. असाच हळू चालायचा म्हणून मी कॅशे अनसेफ करून ठेवला होता. वर्षभर सगळे माझं कौतुक करायचे. मे महिन्यात दुपारी वळीव आला, वीज कडाडली, लाईट गेली, आणि यूपीएसनं ‘टिक’ केलं आणि गप झाला. बॅटरी मेली होती, डॅशबोर्डवर हिरवा दिवा होता तरी.

लाईट आल्यावर व्हीएम उठलं, मायएसक्यूएल उठंना. इनोडीबी (मायएसक्यूएलचा डेटा साठवणारा भाग) म्हणतंय लॉगचा नंबर भविष्यातला आहे. भविष्यातला! मला वाटलं ज्योतिषी बसलाय आत. फोर्स रिकव्हरी (जबरदस्तीनं उठवायचं सेटिंग) एकपासून वाढवत वाढवत सहापर्यंत नेली, काही टेबलं वाचली, काही नाही. शेवटी आदल्या रात्रीचा डंप (बॅकअप) घातला आणि दिवसभराची बिलं कार्बन कॉपीच्या बुकातनं परत टाइप केली. मी आणि तिथला क्लार्क, रात्री एकपर्यंत. ते कार्बन बुक ‘कशाला ठेवता आता, कॉम्प्युटर आहे की’ म्हणून मीच बंद करायला सांगितलं होतं, मालकानं ऐकलं नाही म्हणून वाचलो.

फाउंड्री_उद्यमबाग
वाईट झालं. पण हे लोकल डिस्कचं झालं. तिथं होस्टच्या (व्हीएमखालच्या खऱ्या सर्व्हरच्या) रॅममध्ये लिनक्स 30-30 सेकंद डेटा धरून बसतो. सेफमध्ये आरबीडीचा (सेफवरची व्हीएमची डिस्क) कॅशे केवढा? 32 एमबी. त्यात न लिहिलेला डेटा 24 एमबीपर्यंतच राहतो आणि वय 1 सेकंद. म्हणजे लाईट गेली तर एक सेकंदाचं काम जाईल. दिवस बंद परत चालवायचं, झालं. मी म्हणतो दिवस बंदच्या वेळेपुरतं तरी अनसेफ काय वाईट?

अक्का_सर्व्हररूम
आकडे तुमचे बरोबर आहेत, निष्कर्ष चुकलाय. किती गेलं हा प्रश्नच नाही. कुठल्या क्रमानं गेलं हा प्रश्न आहे.

डेटाबेस आधी लॉगमध्ये लिहितो, फ्लश करतो, मग पानं (खरा डेटा) लिहितो. मध्ये लाईट गेली तर लॉग बघून पानं दुरुस्त करतो. सगळी मदार ‘आधी लॉग’ ह्या दोन शब्दांवर. अनसेफमध्ये फ्लश गिळला जातो, मग खालचा कॅशे त्याला सोयीचं ते आधी लिहितो. पानं डिस्कवर पोचली आणि लॉग त्या 24 एमबीत राहिला तर खानापूरच्या भविष्यवाल्या लॉगची गोष्ट परत. एक सेकंद पुरतो त्याला. आणि तिन्ही कॉपी अगदी एकसारख्या असतील बरं का, सेफ म्हणेल हेल्थ ओके. तिन्ही ठिकाणी तेच तुटलेलं.

शिवाय लाईटच जायला पाहिजे असं नाही. होस्टचा कर्नल पॅनिक झाला (ऑपरेटिंग सिस्टमच बसली), कुणी चुकून व्हीएम ‘स्टॉप’ मारलं, एवढं पुरतं. यूपीएस काय करणार त्याला.

फाउंड्री_उद्यमबाग
हं. क्रमाचं डोक्यात आलं नव्हतं. मागं घेतो.

घटप्रभा_किनारी
माझा एक वेगळा प्रश्न, धागा पळवायलोय असं समजू नका. माझ्याकडं राइट ठीक आहे, रीड हळू आहे. राइट बॅक केलं, आरबीडी कॅशे 32 एमबीचा 512 एमबी केला, ढिम्म हलत नाही.

टिळकवाडी_टर्मिनल
हलणार नाही. सेफच्या ऑक्टोपस आवृत्तीपासून आरबीडी कॅशेचं डीफॉल्ट धोरण ‘राइट अराउंड’ आहे. लिहिताना कॅशे वापरतो, वाचताना त्याच्यातनं देतच नाही. धोरण ‘राइटबॅक’ करता येतं कॉन्फिगमध्ये, पण माझं मत विचारशील तर ती रॅम तिथं घालू नको. व्हीएमलाच दे. आतला लिनक्स आणि डेटाबेस ह्यांना काय परत लागणार आहे ते त्यांनाच माहीत, बाहेरच्या कॅशेला नुसते ब्लॉक दिसतात. मायएसक्यूएल असेल तर बफर पूल (त्याची स्वतःची रॅममधली जागा) वाढव. आणि ओएसडीची मेमरी बघ, डीफॉल्ट टार्गेट 4 जीबी प्रत्येकी असतं, कुणीतरी ‘बचत’ म्हणून ते खाली आणलेलं असतं.

घटप्रभा_किनारी
तो कुणीतरी मीच.

कुंदा_कॅशे
😂 ह्या धाग्यावर सगळे स्वतःच चोर आणि स्वतःच फौजदार.

पुण्यातला_बेळगावकर
लांबून वाचतोय. दोन गोष्टी. सेफमध्ये कॅशे टियरिंग म्हणून प्रकार होता, वेगवान पूल पुढं, मंद पूल मागं. त्याचे जुने लेख अजून शोधात वर येतात, त्या नादाला लागू नका, 2023 च्या रीफ आवृत्तीपासून तो मोडीत काढायच्या यादीत टाकलाय.

दुसरं, आरबीडीचा पर्सिस्टंट राइट लॉग कॅशे. 2021 च्या पॅसिफिकपासून आहे. व्हीएम ज्या होस्टवर आहे तिथल्या स्थानिक एसएसडीवर राइट पक्का होतो आणि मागनं क्लस्टरला जातो. ह्यात अक्कांचा क्रमाचा मुद्दा सांभाळलेला आहे, लॉग ज्या क्रमानं आला त्याच क्रमानं उतरतो. होस्ट पूर्ण जळाला तरी इमेज (व्हीएमची डिस्क) तुटत नाही, फक्त शिळी असते.

काटा_पावती
शिळी पण आंबलेली नाही. फोडणीचा भात करता येतो.

अक्का_सर्व्हररूम
पुणेकर, माहिती बरोबर पण सौहार्द सोसायटीत ‘शिळी’ म्हणजे काय ते बघा. सकाळी अकराला भरलेले पैसे दुपारी पासबुकात नाहीत. पासबुक घेऊन आलेल्या म्हातारीला क्रॅश कन्सिस्टंट (तुटलं नाही, फक्त शिळं) म्हणजे काय हे कोण समजावणार? आणि त्या स्थानिक एसएसडीला पण पॉवर लॉस प्रोटेक्शन लागतंच, मग तेवढेच पैसे ओएसडीत का नको घालायला.

पुण्यातला_बेळगावकर
मान्य. सोसायटीला नाही चालणार. बाकी बेळगावात आलो की कुंदा कुठला चांगला ह्यावर पण एक धागा

कुंदा_कॅशे
आला रे आला, माझा विषय आला. कुंदा हा मुळात कॅशेच आहे, दूध आटवून आटवून एवढ्याशात

गोकाकचा_करदंट
करदंट जास्त टिकतो. पर्सिस्टंट. लाईट गेली तरी.

मच्छे_मशीनशॉप
आमच्या एरियात सांगतो, लाईट गेली की फोन केला तर पलीकडनं एकच उत्तर, ‘करंट होय्तु री, ईग बर्तैत्री’ (लाईट गेली, आत्ता येईल). तो ‘ईग’ म्हणजे पाच मिनिटं का पाच तास हे ब्रह्मदेवाला माहीत नाही. बाकी बेळगाव म्हणा बेळगावी म्हणा, अंधार सारखाच

व्यवस्थापक
नावावरनं पुढं कुणी गेलं तर धागा बंद करीन. कुंदा-करदंटचा वेगळा धागा काढा, मी पण येतो. इथं डिस्क.

चिकोडीचा_चहा
नवीन आहे, चुकलं तर सांभाळून घ्या. आमच्याकडे अजून फिरत्या हार्ड डिस्क आहेत सेफमध्ये, एका बॉक्सात चार. सगळ्या एसएसडी घ्यायला बजेट नाही. एकच चांगली एसएसडी घेऊन पुढं कॅशे लावता येतो का?

टिळकवाडी_टर्मिनल
येतो, आणि फिरत्या डिस्कांना तो खरंच लागतो. सगळ्यात सरळ म्हणजे ब्लूस्टोरचा (ओएसडीची डिस्कवर लिहायची पद्धत) डीबी (कुठं काय आहे त्याची यादी) आणि वॉल (आधी लिहायचा लॉग) एसएसडीवर ठेवायचा, डेटा डिस्कवर. लहान राइट आधी वॉलमध्ये पक्का होतो, त्यामुळं फ्लशचा वेळ एकदम खाली येतो. एलव्हीएम कॅशे किंवा बीकॅशे (लिनक्सचे स्वतःचे डिस्क कॅशे) ओएसडीच्या खाली घालणारे पण आहेत, चालतं, पण रात्री दोन वाजता बिघडलं तर उलगडायला एक थर जास्त.

ध्यानात ठेव, ती एक एसएसडी मेली की त्या बॉक्सातल्या चारही ओएसडी गेल्या. कॉपी वेगवेगळ्या होस्टवर असतील तर डेटा जाणार नाही पण रिकव्हरी सुरू होईल आणि तेव्हा नेटवर्क 1 गिगाबिट असेल तर दिवसभर रांगत बसेल. 10 गिगाबिट लागतं ते ह्या कामाला. तीनच बॉक्स असतील तर स्विच पण नको, प्रत्येकात दोन पोर्टांचं कार्ड घाल, तीन केबल, त्रिकोण कर.

फाउंड्री_उद्यमबाग
आमच्याकडे असाच त्रिकोण आहे. बाकी एक सांगू का, मी पण काल रात्री ओएसडी पर्फ बघितलं. पहिल्या दोन बॉक्सांत 1 च्या खाली, तिसऱ्यात 11. तिसऱ्या बॉक्सात मध्ये एक एसएसडी गेली होती तेव्हा घाईत कुणीतरी साधी आणून घातलीय. एका डिस्कनं अख्खी वरात थांबवलीय आणि मी इथं यूपीएस सांगत बसलोय.

अक्का_सर्व्हररूम
😀 ‘कुणीतरी’?

फाउंड्री_उद्यमबाग
ह्यावेळी खरंच कुणीतरी. मी गावच्या जत्रेला होतो.

हिंडलग्याचा_हॅकर
अरे सगळे राइट बॅकला चांगलं म्हणायलेत पण मी वाचलंय की ‘नो कॅशे’च सगळ्यात सुरक्षित. जुनं ओएस फ्लश पाठवतच नसेल तर?

टिळकवाडी_टर्मिनल
चांगला प्रश्न. त्यासाठी आरबीडीत ‘फ्लश येईपर्यंत राइट थ्रू’ (प्रत्येक राइट थेट खाली पक्का करणं) म्हणून सेटिंग आहे, डीफॉल्ट चालूच असतं. व्हीएमकडनं पहिला फ्लश आला की मगच तो राइट बॅक होतो. लिनक्स 2.6.32 च्या आधीच्या व्हर्टआयओ ड्रायव्हरसारखं जुनं काही असेल, ते फ्लश पाठवणारच नाही, तर कॅशे आपोआप राइट थ्रूच राहतो. विंडोजमध्ये मात्र डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्कच्या पॉलिसीत ‘बफर फ्लशिंग बंद करा’ अशी खूण असते. ‘स्पीड वाढवा’ टाइपच्या व्हिडिओत ती करायला सांगतात. ती केली की तू आतनंच अनसेफ झालास, बाहेर काही का असेना.

दिवसबंद
मंडळी मी अजून इथंच आहे. चेअरमनना सांगितलं. पिग्मी एजंटाचं उदाहरण दिलं, ते पूर्वी स्वतः पिग्मी गोळा करायचे त्यामुळं दोन मिनिटं गप बसले आणि मग म्हणाले ‘म्हणजे आपलं मशीन खोट्या पावत्या फाडत होतं?’ म्हटलं एक रात्र. म्हणाले डायरी आणा. पिग्मी मोजून घेतली, बरोबर निघाली.

पण नवीन एसएसडीला ते ‘पुढच्या मीटिंगला ठेवू’ म्हणालेत. तोपर्यंत फुकटात काय करता येईल?

अक्का_सर्व्हररूम
फुकटातलंच सगळ्यात मोठं आहे. 44,000 कमिट कशाला? दिवस बंद हे एक काम आहे, एका ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं होतं नाहीतर काहीच नाही) घाल. किंवा पाचशे-पाचशे खात्यांचा गठ्ठा कर. बरोबर की नाही ते वेगापेक्षा महत्त्वाचं आहे, आत्ता मध्येच लाईट गेली तर तुझी निम्मी खाती बंद आणि निम्मी उघडी राहतात, हे त्या सॉफ्टवेअरवाल्यांना दाखव. हळू आहे म्हटलं की ते हार्डवेअर म्हणतात, हिशोब चुकू शकतो म्हटलं की जागे होतात.

मायएसक्यूएलमध्ये कमिटच्या वेळी लॉग फ्लश करायचं सेटिंग 1 चं 2 करा असं कुणी सांगेल. त्यात लॉग सेकंदाला एकदा फ्लश होतो, क्रम टिकतो, डेटाबेस तुटत नाही, पण शेवटचं सेकंदभर जाऊ शकतं. अनसेफपेक्षा हजारपट बरं. तरी काउंटर चालू असताना मी ते करणार नाही, ‘झालं’ म्हणून सांगितलेली पावती परत घेता येत नाही.

टिळकवाडी_टर्मिनल
आणि बायोसमध्ये पॉवर सेव्हिंग बघ. सीपीयू प्रत्येक राइटच्या मध्ये डुलकी काढून उठत असेल तर तेवढा वेळ त्यात पण जातो. गव्हर्नर (सीपीयूचा वेग ठरवणारं सेटिंग) परफॉर्मन्सवर ठेव. आयओ थ्रेड आणि व्हर्टआयओ स्कझी सिंगल ही डिस्कची सेटिंग लोक सांगतील, चालू कर, वाईट नाही, पण त्याचा फायदा खूप राइट एकदम येतात तेव्हा. तुझ्या एका रांगेला काही नाही.

कुंदा_कॅशे
एवढं सगळं वाचून मला एक कळलं, सर्व्हर पण डुलकी काढतात. साहेबांना सांगून बघतो.

दिवसबंद
महिनाभरानं परत आलो. कुणी वाट बघत असेल तर सॉरी, मार्चअखेर होती.

सॉफ्टवेअरवाल्यांना अक्कांच्या शब्दात मेल टाकली, ‘मध्येच बंद पडल्यास ताळेबंद जुळणार नाही’ असं. दुसऱ्या दिवशी फोन. आठ दिवसांत त्यांनी पाचशेच्या गठ्ठ्यानं कमिट केलं. डिस्क त्याच, कॅशे साधा राइट बॅक. दिवस बंद 35 सेकंद. मी घड्याळ परत लावून मोजलं. म्हणजे अनसेफपेक्षा पण पाच सेकंद कमी!

एसएसडीची मीटिंग झाली. सहा घ्यायला पैसे नाहीत, तीन मंजूर झाल्या, सर्व्हरवाल्या, कपॅसिटरच्या. प्रत्येक बॉक्सात एक चांगली एक साधी ठेवून बघितली, एफआयओ चालवला की कधी 60 कधी 600, लॉटरी. मग टर्मिनल सरांना निरोप टाकला, त्यांनी सांगितल्याप्रमाणं चांगल्या तिघींचा वेगळा डिव्हाइस क्लास (डिस्कांचा गट) केला, वेगळा पूल, आणि डेटाबेसची डिस्क तेवढी तिकडं हलवली. आता एफआयओ 640. जुन्या तिघींवर विंडोजची बाकीची व्हीएम आणि स्कॅन केलेले केवायसीचे कागद. डेटाबेसच्या पूलमध्ये तीनच ओएसडी आहेत, एक गेली तर दोन कॉपींवर चालेल पण तिसरी कॉपी करायला जागा नाही, हे माहीत आहे, म्हणून एक सुटी आणून कपाटात ठेवायची परवानगी मागितलीय.

कॅशियर बाईंना गाडी मिळायली. त्यांनी मांडे पाठवलेत घरनं.

खानापूरचा_पाऊस
35 सेकंद वाचून बरं वाटलं. यूपीएसची बॅटरी बघितलीस का? हिरव्या दिव्यावर जाऊ नको, प्लग काढून बघ.

दिवसबंद
रविवारी काढतो. बॅकअप घेऊन.

कुंदा_कॅशे
मांडे लगेच खा, ते पर्सिस्टंट नसतात.